इडलीखालचं फडकं

2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटकच्या अन्नसुरक्षा खात्याने राज्यातल्या हॉटेलांत जाऊन इडल्या तपासल्या. 52 ठिकाणी इडलीपात्राच्या वाट्यांवर सुती फडक्याऐवजी प्लास्टिकचा पातळ कागद अंथरलेला सापडला. आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी इडलीला प्लास्टिक लावायला बंदी जाहीर केली. आठवडाभर बेळगावात चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. मग नेहमीचे विषय परतले : दुकानांच्या पाट्या, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला सीमाखटला, नळाला पाणी कधी सोडणार.

त्याच आठवड्यात मी ज्या गाडीवर सकाळी इडली खातो तिथे पहिल्यांदा झाकण उघडताना वाकून बघितलं. वाफेने चुरगळलेलं पारदर्शक प्लास्टिक. मी काही बोललो नाही, नुसता बघत राहिलो, तर अण्णा स्वतःच म्हणाला, "फडक्याला पीठ चिकटतंय मालक. धुवायला माणूस लागतोय, पाणी लागतंय. फडकंच बरं म्हणतात सगळे, खरं ह्याच्यावरनं इडली कशी गुळगुळीत सुटतीय बघा." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यामुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.)

मला त्याचा राग आला नाही, आला असेल तर स्वतःचाच. कारण माझं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी तांबं-पितळ विकलं, वडिलांनी हिंडालियम (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) आणि मग स्टील, आणि मी स्टीलच्या बरोबरीने प्लास्टिक. बायका जुना हंडा मोडीत घालून नवं भांडं न्यायच्या, तेव्हा वडील तराजूच्या काट्यावरून नजर हलवायचे नाहीत. प्लास्टिकला मोड नाही, वजन नाही, घडणावळ नाही. डझनाने येतं, डझनाने जातं. गेल्या तीस वर्षांत माझ्या गल्ल्यात पडलेल्या पैशांत त्याचा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला 'हा कोण मोठा लागून गेला' असं वाटलं तर त्याचं बरोबरच आहे.

धंद्यात असल्याने एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा जवळून पाहिली. प्लास्टिकची वस्तू दाण्यापासून होते. दाणा दोन जातींचा : व्हर्जिन, म्हणजे कोरा, आणि रिप्रोसेस. दुसरा म्हणजे भंगारातून आलेली बादली, खुर्ची, तेलाचा डबा, औषधाची बाटली, जे काय असेल ते धुऊन, चिरडून, वितळवून पुन्हा केलेला. पुन्हा केलेल्या मालाचा स्वच्छ पांढरा किंवा काचेसारखा रंग येत नाही, म्हणून तो काळा, गडद निळा, चॉकलेटी असा निघतो. रंग जितका गडद तितकी मिसळीची शक्यता जास्त, हे दुकानातल्या पोरसवदा नोकरालाही कळतं. बादलीला, कुंडीला त्याचं काही बिघडत नाही. पण त्याच रंगाचा डबा गिऱ्हाईक पोळीभाजीला नेतं तेव्हा कुणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. मी माल घ्यायला बसलो की एजंट म्हणतो, "फूड ग्रेड आहे, निर्धास्त राहा." कागद दाखव म्हटलं की हसतो. तीस वर्षांत मला कागद दाखवणारा एजंट भेटलेला नाही.

आता ही 'फूड ग्रेड', म्हणजे अन्नाला चालणारी प्रत, एवढी का बघायची, आणि तिच्यावाचून काय अडलं, ते जरा सावकाश बघू.

प्लास्टिक म्हणजे एकाला एक जोडलेल्या रेणूंची लांब साखळी. ही मूळ साखळी तशी आळशी असते, सहसा कशात मिसळत नाही. भानगड तिच्यात घातलेल्या मालाची आहे. मऊ व्हावं म्हणून एक रसायन, उन्हाने तडकू नये म्हणून दुसरं, पेट घेऊ नये म्हणून तिसरं, शिवाय रंग, चमक, साच्यातून सुटण्याची पूड. प्लास्टिकमध्ये वापरात असलेल्या किंवा सापडलेल्या रसायनांची 2024 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने मोजदाद केली, ती 16,000 च्या वर गेली. त्यांतली किमान 4,200 माणसाला किंवा निसर्गाला घातक वाटण्याजोगी निघाली. यांतली बरीच साखळीला बांधलेली नसतात. पीव्हीसी मऊ करायला घालतात ती थॅलेटं पुरीतल्या तेलासारखी असतात : पुरी कागदावर ठेवली की तेल कागदात उतरतं, त्याला कुणी ढकलावं लागत नाही. कडक, काचेसारख्या प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए साखळीतच गुंफलेलं असतं, पण थोडं सुटं राहतं आणि उष्णतेने साखळीचे टाके उसवले की आणखी सुटतं.

हे उतरणं चार गोष्टींनी वाढतं : उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ. आता आपल्या जेवणाकडे बघा. पातळ पिशवीत ओतून दोऱ्याने गळा आवळलेलं उकळतं सांबार, त्यात चिंच, त्यावर फोडणीचं तेल, आणि हॉटेलापासून अनगोळच्या घरापर्यंतचा अर्धा तास. चारही गोष्टी एका पिशवीत. लोणच्याला उष्णता नाही, पण तेल आहे, आंबट आहे, आणि वेळ तर वर्षभराचा. आमच्या आयांनी लोणचं चिनी मातीच्या बरणीत का घातलं, याचं रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. बरणी पडून फुटली म्हणून प्लास्टिकची न्यायला आलेल्या किती बायकांना मी ती हसतमुखाने विकली, याचा हिशोब नको. बेळगावचा कुंदासुद्धा कढईतून काढून कोमट असतानाच डब्यात दाबला तर तो दुधातुपाचा ऐवज त्या डब्यातलं काय काय ओढून घेईल, आणि तोच गार करून भरला तर फार कमी.

म्हणूनच 'प्लास्टिक वाईट' हे सरसकट वाक्य मला पटत नाही. दुधाची पिशवी थंड असते, घरी आली की रिकामी होते. तिच्यावर मी फारसा रागावत नाही. धुण्याची बादली, खुर्ची, पावसाळ्यात शेतात अंगावर घ्यायचा कागद, यांनी तुमच्या पोटात काही जात नाही. पण गरम अन्न आणि प्लास्टिक यांची गाठ ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या गाठीपुरतं आहे.

"एवढंसं उतरलं तर काय होतंय?" हा प्रश्न दुकानात हमखास येतो. मात्रेवर विष ठरतं, ही जुनी समजूत बऱ्याच विषांच्या बाबतीत खरीही आहे. पण ही रसायनं विषासारखी वागत नाहीत, ती विरजणासारखी वागतात. घागरभर दुधाला विरजण किती लागतं? बोटावर मावेल एवढं. आपल्या शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, अशीच नखाएवढ्याच्याही लाखाव्या हिश्शात काम करतात, आणि बिस्फेनॉल, थॅलेट ही मंडळी त्यांचा वेश घेऊन शिरतात किंवा त्यांच्या वाटेत आडवी पडतात. बिस्फेनॉल ए स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. ते तेव्हा कृत्रिम संप्रेरक शोधत होते. पुढे त्यांना त्याहून जोरकस पदार्थ सापडला, डीईएस, आणि तो अमेरिकेत गर्भवतींना अनेक वर्षं दिला गेला. 1971 मध्ये कळलं, की त्या बायकांच्या मुलींना वयात आल्यावर योनीमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतोय. औषध आईने घेतलं, भोग मुलीच्या वाट्याला आला, आणि मधे वीस वर्षं गेली. मागे पडलेलं बिस्फेनॉल ए नंतर कडक, काचेसारख्या प्लास्टिकचा आणि डब्यांच्या आतल्या मुलाम्याचा कच्चा माल म्हणून गाजलं. म्हणजे ते कसं वागतं हे बाटलीत येण्याआधी माहीत होतं. 'तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं' असं निदान या एकाबद्दल म्हणता येत नाही.

हाती असलेले पुरावे किती पक्के आहेत? इथे मला व्हॉट्सॲपवरच्या वैद्यांपासून अंतर राखायचं आहे. त्यांच्या मते प्लास्टिकच्या डब्याने कॅन्सर होतो, विषय संपला. गंमत म्हणजे याच मंडळींनी रेशनच्या तांदळात 'प्लास्टिकचा तांदूळ' असल्याचे व्हिडिओ फिरवले. तो लोह आणि जीवनसत्त्वं घातलेला पोषक दाणा होता. कित्येक घरांत तो निवडून फेकला गेला, आणि उरलेला भात शिजवून प्लास्टिकच्या डब्यात गरम गरम भरून शेतावर गेला.

पक्क्या संशोधनाची भाषा सावध असते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 16 अभ्यासांतल्या 6,045 गर्भवतींची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांच्या लघवीत काही थॅलेटांचे अंश जास्त होते, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता 12 ते 16 टक्क्यांनी जास्त दिसली. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतली चरबीची पुटं काढून तपासली. 257 रुग्णांपैकी 150 जणांच्या पुटांत पॉलिथिनचे सूक्ष्म कण होते, आणि ज्यांच्यात प्लास्टिक सापडलं त्यांना पुढच्या तीनएक वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका साडेचार पट होता. त्याच डॉक्टरांनी हेही लिहिलं, की यावरून प्लास्टिकमुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या प्रयोगात कागदी कपात 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटं ठेवलं तर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले, कारण कागदी कप आतून प्लास्टिकच्या पापुद्र्याचाच असतो. म्हणजे 'प्लास्टिक नको, कागदी कपात द्या' असं ऐटीत सांगणारे आपण कुठून निघून कुठे पोचलो, ते बघा.

यावर आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. प्रयोगशाळेच्या हवेत, हातमोज्यांतही प्लास्टिकचे कण असतात, ते नमुन्यात मिसळून आकडा फुगतो. शरीरातल्या चरबीलाच यंत्र कधी कधी प्लास्टिक समजतं. मोठं भांडण तर सुरक्षित मात्रेवरच आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल एची रोजची सहन होणारी मात्रा 2015 मध्ये दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅम धरली होती. 2023 मध्ये तिने ती 20,000 पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने हे मानलं नाही, आपला वेगळा हिशोब केला आणि मात्रा खाली आणली, पण 20 पटींनीच. उद्योगांची माणसं हे भांडण दाखवून म्हणतात, बघा, शास्त्रज्ञांतच एकमत नाही. मी दुकानदार माणूस, मला यात एकच दिसतं : दोघांनीही भाव पाडलाय. एक म्हणतो जुना भाव 20 पट चढा होता, दुसरा म्हणतो 20,000 पट. जुनाच भाव बरोबर होता असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. युरोपीय संघाने मग अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल ए वापरण्यावर बंदीच घातली, ती जानेवारी 2025 पासून टप्प्याटप्प्याने लागू होतेय. आपल्याकडे 2015 च्या भारतीय मानकाने ते बाळाच्या दुधाच्या बाटलीतून काढलं. बाळ बाटली सोडून ग्लासाने प्यायला लागलं, की मानकाचं लक्ष दुसरीकडे जातं.

आणि 'बीपीए फ्री', म्हणजे बिस्फेनॉल ए नसलेलं, या दोन शब्दांवर कुणी फार विसंबू नये. ए काढून बऱ्याच ठिकाणी बिस्फेनॉल एस आलं, जे घडणीने त्याचं सख्खं भावंड आणि वागण्यातही फारसं वेगळं नाही. आम्हा बेळगावकरांना हे समजावून सांगावं लागू नये. 1 नोव्हेंबर 2014 ला आमच्या गावाचं सरकारी नाव बदललं, गटारं तीच राहिली.

नावबदलाचं हे प्रकरण बसच्या तिकिटापर्यंत जातं. मशिनमधून निघणारं गुळगुळीत तिकीट थर्मल कागदाचं असतं, त्यावर शाई नसते. उष्णतेने कागदावरचं रसायन काळं पडतं, आणि ते रसायन बहुतेक वेळा बिस्फेनॉलच असतं, तेही कशाला न बांधलेलं, सुट्या पुडीसारखं. बोटांना लागतं, तेलकट हाताला जास्त लागतं, आणि सॅनिटायझर लावल्या लावल्या हात लावला तर त्वचेतून आत जाण्याचं प्रमाण आणखी वाढतं. युरोपने 2020 पासून थर्मल कागदात ए जवळपास बंद केलं, तर कागदवाल्यांनी एस घातलं. स्वित्झर्लंड तेवढं शहाणं निघालं, त्यांनी दोन्हींना एकदम बंदी केली. आपल्याकडे 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकात बसप्रवास फुकट झाला. चांगली योजना आहे, खानापूरहून कामाला येणाऱ्या बायकांचे महिन्याचे पैसे वाचतात. पण फुकटच्या प्रवासालाही शून्य रुपयाचं तिकीट फाडावं लागतं. बायका ते बांगडीत खोचतात, ब्लाऊजमध्ये ठेवतात, हातात पिशव्या असल्या तर दातांत धरतात. आणि कंडक्टर दिवसभर शेकड्याने तिकिटं हाताळून त्याच हाताने डबा खातो. प्रवाशाला लागतं ते थोडं असेल, पण कंडक्टरचं काय, हा प्रश्न इथल्या एकाही युनियनने विचारल्याचं मी ऐकलं नाही.

मग जुनी भांडी परत आणायची का? दर आठवड्याला कुणीतरी माझ्याकडे 'पूर्वीचं पितळ कसं निर्धोक' म्हणत येतं. मी भांडेवाला असून सांगतो, तसं नाही. पितळेला आंबट चालत नाही, म्हणून कल्हई. कल्हई कथलाची हवी, आणि कथलात शिसं मिसळणारे तेव्हाही होते. वडिलांनी पोत्याने विकलेल्या हिंडालियमबद्दल 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने इशारा दिला, की त्यातून अन्नात शिसं उतरू शकतं. खानापूरची मातीची भांडी देखणी, तिथली माती नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच. पण चकचकीत लेप दिलेलं मडकं घेताना लेपात काय आहे हा प्रश्न तिथेही उरतोच. स्टील आणि काच बरी, एवढं मी मोकळेपणाने सांगतो. बाकी 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्याने सोनाराकडे जावं.

माझा खरा वाद वेगळाच आहे. प्लास्टिकबद्दल जेवढं म्हणून मराठीत छापलं जातं, त्याचा शेवट 'गृहिणींनी काळजी घ्यावी' असा होतो. डबा बदला, बरणी बदला, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. रसायन घातलं कारखान्याने, तपासलं नाही सरकारने, विकलं मी, आणि काळजी घ्यायची वडगावातल्या मागावर काम करून घरी आलेल्या बाईने? तिला काळजी घेता तरी येईल का? वस्तूच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो : एक म्हणजे पेट, तीन पीव्हीसी, पाच पॉलिप्रॉपिलीन, सात म्हणजे 'इतर', ज्यात ते काचेसारखं कडक पॉलिकार्बोनेटही आलं. हे तिला कोणत्या शाळेत शिकवलं? उन्हात टेम्पोवर तापत आलेला पाण्याचा कॅन आकडा दाखवत येत नाही. लग्नात पंगतीत बसल्यावर पत्रावळीचा पापुद्रा कसला आहे ते बघून कुणी उठतं का? आणि पिशवीतलं सांबार तिने निवडलेलंच नसतं, ते हॉटेलवाल्याने निवडलेलं असतं.

घरात बदल केल्याने फरक पडतो हे खरं आहे, आणि पटकन पडतो. अमेरिकेत 2011 मध्ये पाच कुटुंबांतल्या 20 माणसांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकचा आणि पत्र्याच्या डब्याचा स्पर्श नसलेलं अन्न दिलं. लघवीतलं बिस्फेनॉल ए सरासरी 66 टक्क्यांनी उतरलं, एका थॅलेटचे अंश निम्म्याहून कमी झाले. शरीर हे साठवून ठेवत नाही, दिवसभरात बाहेर टाकतं. रोज आत येत राहतं म्हणून रोज सापडतं. पण त्या प्रयोगात अन्न तयार करून दारात आणून देणारा स्वयंपाकी होता, हे विसरू नये. तो आमच्या मागवाल्या बाईकडे नाही. तिच्यासाठी तो स्वयंपाकी म्हणजे कायदा.

आणि कायदा आहे! 2018 च्या अन्न-पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात भजी बांधायला मनाई केली. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण ऐवजाला किलोमागे 60 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तो ऐवज कशाचा, याला मोजक्या घटकांपुरती वेगळी मर्यादा आहे, बाकी सगळं त्या एका वजनात गडप. म्हणजे मोडीच्या तराजूसारखंच झालं : तांबं, पितळ, जस्त सगळं एका पारड्यात. पण एवढा ढोबळ नियमसुद्धा इडलीच्या गाडीपर्यंत पोचत नाही. तो कारखान्याच्या दाराशी असतो, गाडीवरचा कागद तर कोणत्याच दाराने आलेला नसतो.

सीमाभागात तर कायद्याची गंमत अधिकच. कर्नाटकने प्लास्टिक पिशव्यांवर मार्च 2016 मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये. मधली दोन वर्षं कोगनोळीच्या अलीकडे, कर्नाटकात, जी पिशवी गुन्हा होती ती पलीकडे महाराष्ट्रात कागलला उजळ माथ्याने मिळत होती. आता दोन्हीकडे बंदी आहे आणि दोन्हीकडे पिशवी आहे. बंदी कधीच आरोग्यासाठी नव्हती, ती कचऱ्यासाठी होती. पिशवी 75 मायक्रॉन जाडीची की 120 मायक्रॉन हे मोजलं जातं, कारण जाड पिशवी कचऱ्यातून गोळा होते. पण जाड पिशवीत ओतलेलं गरम सांबार पातळ पिशवीतल्यापेक्षा निर्धोक, असं कुठल्याही मायक्रॉनने ठरत नाही. हा फरक आपल्या लोकांना कधी सांगितलाच गेला नाही, म्हणून 'नियमात बसणारी पिशवी आहे' म्हणत हॉटेलवाला निर्धास्त असतो.

इथल्या मराठी पुढाऱ्यांना आणि कन्नड संघटनांना माझं एकच मागणं आहे, आणि हे लिहिताना मला माहीत आहे की दोघांनाही यात रस नाही. दुकानांच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा 2024 चा कायदा आहे. आम्ही मराठीत कागदपत्रं मागतो, तीही मागणी रास्त आहे. मग एक पाटी अशीही मागू या, जिच्यावर भांडण व्हायचं कारण नाही : डब्याच्या बुडाला नव्हे, झाकणावर, कन्नडात आणि मराठीत, ठळक, 'यात गरम पदार्थ घालू नका'. ज्याच्या डब्याला ही पाटी नको असेल, त्याने त्याचा डबा उकळत्या तेलात काय सोडतो त्याचा दाखला दुकानात ठेवावा, म्हणजे मलाही एजंटाकडे कागद मागायची वेळ येणार नाही. दाखला नाही तर माल नाही, असं मी एकट्याने म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. सगळ्यांना म्हणायला लावलं तर कुठे जाणार?

दुसरं, शाळा. कर्नाटकच्या क्षीरभाग्य योजनेत 2013 पासून पोरांना गरम दूध मिळतं. स्निग्ध आणि गरम, म्हणजे चारांतल्या दोन गोष्टी. बरीच पोरं स्टीलचा पेला आणतात, काही प्लास्टिकचा रंगीत ग्लास आणतात, वाढदिवसाला मिळालेला. सात वर्षांच्या पोराला उपदेश करण्यापेक्षा शाळेनेच स्टीलचे पेले ठेवावेत. माझ्या दुकानाचा फायदा होईल असं कुणी म्हणेल, तर कोटेशन शेजारच्याकडून घ्या.

आणि इडली. 52 ठिकाणी सापडलं म्हणून बातमी झाली. बातमीने आठवडाभर फडकी बाहेर निघाली. तपासणी ही पावसासारखी येऊन जायची गोष्ट नाही, ती नळाच्या पाण्यासारखी यायला हवी. (बेळगावच्या नळाचं उदाहरण चुकलं, पण मतलब लक्षात यावा.) गरम अन्नाला प्लास्टिक नाही, मग ते इडलीखालचं असो, चहाच्या पार्सलचं असो की कार्यालयातल्या आमटीच्या वाटीचं. एवढा एक साधा नियम, मायक्रॉन न मोजता डोळ्यांनी दिसणारा. जग प्लास्टिकवरच्या मोठ्या करारासाठी ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात जमलं आणि करार न करताच उठलं, त्याची वाट बघायचं कारण नाही. इडलीपात्राचं झाकण उघडायला जिनिव्हाची परवानगी लागत नाही.

मी दोन मीटर मांजरपाट आणून त्याचे गोल तुकडे कापून घेतले आणि अण्णाला नेऊन दिले. पैसे घेतले नाहीत, इतकी वर्षं त्याला प्लास्टिकच्या बरण्या विकल्याच्या बदल्यात म्हणा. त्याने फडकं ओलं करून पिळून वाटीवर पसरलं, पीठ ओतलं. इडली थोडी खडबडीत निघाली, कडेला फडक्याची वीण उमटलेली.

"लावतो की मालक," तो म्हणाला. "खरं समोरचा गाडीवाला नाही लावणार. त्याची इडली दोन रुपयानं स्वस्त हाय, माझं फडकं धुवायचं पाणीसुद्धा विकतचं. साहेब आला तर दोघांकडं यायला पाहिजे."

साहेब मध्यंतरी येऊन गेले. समोरच्या गाडीपाशी बराच वेळ उभे होते. पाटीवर कन्नड किती आहे ते बघितलं, फोटो काढला, दोन प्लेट इडली पार्सल घेतली. सांबार वेगळ्या पिशवीत.